पत्रिकेच्या दुसऱ्या पानावरची बाई

मी घर सोडलं त्या सकाळी पप्पांनी हेल्मेट काढलं नाही. स्टेशनबाहेर रिक्षा थांबतात तिथं स्कूटर लावून, हेल्मेटची काच खाली ओढून ते उभे राहिले. ओळखीचं कुणी भेटलं तर मुलगी मुंबईला मालिकेत काम करायला चालली हे सांगावं लागू नये, म्हणून ही खबरदारी. प्लॅटफॉर्मवर आल्या त्या आई आणि शीतल. आईनं धपाटे बांधून दिले होते आणि ती सारखी विचारत होती, "पाणी घेतलं का?" शीतल, माझी धाकटी बहीण, तेव्हा अकरावीत होती. तिनं माझी जड बॅग दोन्ही हातांनी उचलून डब्यात चढवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली. पप्पांचा निरोप घरूनच घेतलेला होता. ते म्हणाले होते, "तिथं जाऊन काय करायचं ते कर, पण आमचं नाव कुठं घेऊ नको."

पुढं दीड वर्षानं एका पुरवणीत याच पप्पांची मुलाखत छापून आली. "तिच्यातला कलाकार मी लहानपणीच ओळखला होता. स्टेशनवर तिची बॅग मी स्वतः डोक्यावर घेतली होती." मी ते मेकअपच्या खुर्चीत बसून वाचलं आणि इतकी हसले की केसांत पिना खोचणारी बाई माझ्यावर खेकसली.

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाला यंदा स्मरणिका काढायची आहे. इथून जाऊन मोठे झालेल्यांनी आपल्या आठवणी लिहाव्यात असं त्यांचं म्हणणं आहे. मोठे झालेले म्हणजे एक डॉक्टर, दोघं दुबईवाले, हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणारे सहा-सात जण आणि मी. मला निरोप आला, "मॅडम, पाचशे शब्दांत काहीतरी गोड लिहा." ज्यांनी मला शेंबूड पुसत लंगडी खेळताना पाहिलं, ते मॅडम म्हणतात. गोड मला जमणार नाही आणि पाचशे शब्दांत हे बसणारही नाही. जे गल्ली सोडून गेले त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. जे राहिले त्यांना राग येईल, तो येऊ द्या.

मुंबईत माझं पहिलं काय गेलं असेल तर 'लई'. मीरा रोडला चौघींत एक फ्लॅट आणि तिथून रिक्षानं शूटिंगच्या बंगल्यावर. मालिकेचे उच्चार बघणारे एक गृहस्थ होते. मी तोंड उघडलं की ते कपाळावर हात मारायचे. "अगं, घरंदाज सून आहेस तू. बांधावरून आल्यासारखी बोलू नकोस." व्हय, नाय, हाय, हायत, सगळं तीन आठवड्यांत खरवडून काढलं. मला त्याचं फार वाईट वाटलं असं आज लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मालिकेत माझ्या भूमिकेला एक नाव होतं, पण ते कुणी घेतच नसे. त्या पडद्यावरच्या घरात मला धाकल्या सूनबाई म्हणत, मग बाहेरही सगळे तेच म्हणायला लागले. मी एकवीस वर्षांची, लग्नाचा पत्ता नाही, आणि रोज संध्याकाळी लोकांच्या घराघरात सासूच्या पायाशी बसून रडत होते. रडण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. मला ग्लिसरीन लागत नाही हे मी ज्याला त्याला सांगत फिरायचे, जणू काही शौर्यपदकच मिळालंय.

पैसा यायला लागला आणि पप्पांची काच वर गेली. सरकारी कचेरीतली त्यांची चांगली नोकरी होती. ती मुदतीआधीच सोडून ते माझं 'सगळं बघायला' लागले. बघायचं काय, तर सुपाऱ्या. आमच्या धंद्यात दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, हळदीकुंकू, जिथं नुसतं जाऊन हात हलवायचे पैसे मिळतात त्याला सुपारी म्हणतात. मी महिन्याची एक सुट्टी काढून घरी यायचे, आणि पप्पा मला स्टेशनवरून थेट क्रांती चौकातल्या साड्यांच्या दुकानात न्यायचे. एकदा एका दवाखान्याची फीत कापली, तेव्हा आत कुणीतरी खरोखर विव्हळत होतं आणि बाहेर लोक माझ्यासोबत फोटो काढत होते. घरावर मजला चढला. मी कॉलेजच्या नाटकात काम केलं म्हणून ज्या काकांनी आईला चारचौघांत सुनावलं होतं, त्यांना नवी गाडी मिळाली. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'धाकल्या सूनबाई' लिहून घेतलं. आमच्या बंगल्याच्या पाटीवरही तेच. माझं खरं नाव त्या घरात आधार कार्डाशिवाय कुठं उरलं नव्हतं.

घरी आले की मला काचेच्या ताटात वाढायचे आणि बाकीचे स्टीलच्या ताटांत जेवायचे. आई मला चहा देताना विचारायची, "साखर चालती का तुला?" वीस वर्षं जिनं माझ्या चहात साखर घातली तिनं हे विचारावं! भाकरी थापायला बसले तर ती हात धरून उठवायची. "सोड, सोड. कुणी पाहिलं तर काय म्हणन." सकाळपासून बैठकीत शेजारच्या बायका, पप्पांचे जुने साहेब, काकांचे सोयरे बसलेले असायचे आणि मला साडी नेसून त्यांच्यासमोर येऊन बसावं लागायचं. पप्पा मध्येच म्हणायचे, "जरा तसं रडून दाखव की, त्या दिवशीच्या एपिसोडमधी रडली तसं."

आणि मी रडून दाखवायचे. सगळा दोष त्यांच्या माथी मारून मी मोकळी होत नाही. मला ते काचेचं ताट आवडायचं. घरचं पाणी मला बाधतं असं मी दुसऱ्याच वर्षी म्हणायला लागले, आणि आई मुकाट्यानं बाटल्यांचा खोका आणून ठेवायची. शीतल बोलताना 'लई' म्हणाली की मी तिला टोकायचे. "फार म्हण. खूप म्हण. लई काय?" ती म्हणायची, "बरं." एवढंच.

मग ती मुलाखत झाली. टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात मला घरच्यांबद्दल विचारलं आणि मी शीतलची नक्कल केली. ती पहिल्यांदा सेटवर आली होती, तेव्हा आमच्या बड्या नटाला पाहून म्हणाली होती, "अय्या ताई, हे तर टीव्हीतल्यापेक्षा लई बुटके हायत!" मी ते हातवारे करून, तोंड वेडंवाकडं करून सांगितलं. समोरची दोघं हसून लोळली. तो तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. शीतल तेव्हा इथल्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती वर्गात शिरली की पोरं एका सुरात "लई बुटके हायत" म्हणून ओरडायची. हे मला तिनं सांगितलं नाही, आईनं सांगितलं, तेही पाच महिन्यांनी. तेवढे दिवस शीतलनं मला फोन केला नव्हता आणि मला ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

तिचं लग्न ठरलं जालन्यात. मुलगा बरा होता, शिक्षक. लग्न ठरवताना पप्पांनी पाहुण्यांना चहाच्या आधी माझा एपिसोड दाखवला. त्या घरात शीतलची ओळख 'धाकल्या सूनबाईची बहीण' अशीच झाली. एके दिवशी दुपारी दोन शॉटच्या मध्ये तिचा फोन आला, कितीतरी दिवसांनी.

"ताई, एक मागू का? करवली कुणी पण होईल. तू पाठराखीण म्हणून चल माझ्यासंगं."

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एक बाई तिच्यासोबत जाते, एक-दोन रात्री तिच्याजवळ राहते. परक्या घरात तिला रडू आलं तर जवळ कुणी असावं म्हणून. हे काम आमच्याकडे कुणाही लांबच्या मावशी-आत्यावर सोडतात, त्यात मिरवण्यासारखं काही नसतं.

"मला तिथं लई भ्या वाटतंय," शीतल म्हणाली. त्या वेळी मी तिचा 'लई' सुधारला नाही, एवढीच त्यातल्या त्यात माझी बाजू. मी हो म्हणाले. चार दिवसांच्या सुट्टीसाठी मी निर्मात्याच्या हातापाया पडले, पंधरा दिवस दोन-दोन शिफ्ट करून माझे प्रसंग आधीच काढून दिले. शीतलनं माझ्याकडे याआधी कधी काही मागितलं नव्हतं, आणि मला तिला परत मिळवायचं होतं.

लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली. आपल्याकडच्या पत्रिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. आठ पानं. पहिल्यावर देव, दुसऱ्यावर पुढारी. त्या दुसऱ्या पानावर आजी-माजी आमदारांच्या आणि सभापतींच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठा, माझा फोटो. सूनबाईच्या नथीतला. खाली लिहिलेलं, 'विशेष आकर्षण'. मी पुढची पानं चाळली. व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, समस्त भावकी, मामा मंडळी, करवल्या, अगदी शेवटी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरं, त्यातलं एक तर अजून जन्मायचं होतं. शीतलच्या बहिणींच्या यादीत सतरा नावं होती. त्यात मी नव्हते.

मी पप्पांना फोन लावला. "पप्पा, बहिणींमध्ये माझं नाव राहिलं."

"राहिलं न्हाई, मीच काढलं," ते अभिमानानं म्हणाले. "तिथं बारीक अक्षरात कुठं कोंबायचं तुला? पुढं फोटो दिलाय की रंगीत. आमदार साहेबांच्या बरोबरीनं."

"पण मी तिची बहीण आहे ना."

"ते तर समद्यांना माहीतच हाय. खामखा वाद नको घालू, पत्रिका वाटून झाल्या."

मला गप्प बसवायला त्यांचा तो 'खामखा' पुरला असं नाही. फोन ठेवल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला आणि आपला डावा गाल बरा आलाय असं माझ्या मनात आलं. माझ्यासारख्या बाईला दुसऱ्या पानावर टाकण्यात पप्पांचं फारसं चुकलं नव्हतं.

लग्न पडेगावच्या एका लॉन्सवर होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी नवरीच्या खोलीत गेले तर माझ्यामागून तीसेक माणसं मोबाइल उगारून आत घुसली. शीतल अर्धवट नेसलेल्या शालूत उभी होती. तिनं पदर गोळा करून अंगाला धरला आणि म्हणाली, "ताई, तू बाहेर बस ना थोडं. लोकं आत घुसू रायलेत." मी बाहेर आले. पप्पांनी मला सर्वांत पुढच्या सोफ्यावर, आमदारांशेजारी बसवलं.

मुहूर्त जवळ आला तसे सत्कार सुरू झाले. मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांना फेटे आणि शाली द्यायच्या ही आपल्याकडची रीत. मुहूर्त गेला तरी चालेल, फेटा राहता कामा नये. अंतरपाट धरलेला. त्याच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला हातात हार घेऊन शीतल, आणि माइकवरचा माणूस फेट्यांची यादी वाचतोय. यादी संपली, गुरुजींनी घसा साफ केला. तेवढ्यात पप्पांनी त्यांच्या हातातला माइक काढून माझ्याकडे आणला.

"एक डायलॉग म्हण. साहेबांची इच्छा हाय. ते 'मी या उंबऱ्याची' वालं."

मी शीतलकडे पाहिलं. तिनं मान हलवली. 'नको' म्हणाली असेल, किंवा मुंडावळ्या टोचत असतील, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ती 'नको'च म्हणत होती.

मी उभी राहिले आणि डायलॉग म्हटला. नुसता म्हटला नाही, चांगला म्हटला. 'मी या उंबऱ्याची आहे आणि या उंबऱ्यावरच माझा शेवट होईल' हे ते भिकार वाक्य. चौथ्या शब्दाला आवाज कापला, सातव्याला पाणी आलं. मंडप शांत झाला, मग टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मी परत म्हटला. अंतरपाटाआड माझी बहीण जड हार हातात धरून ताटकळत होती, आणि अक्षता घेऊन तिच्याभोवती जमलेल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाठ केली होती. कारण मी सोफ्याकडे होते आणि ती तिकडे. मुहूर्त टळून अकरा मिनिटं झाली होती. मला त्या टाळ्या आवडल्या. हे लिहिताना स्वतःची किळस येते, पण आवडल्या.

दुपारी पाठवणीला मी साधी साडी नेसून, लहान बॅग घेऊन नवरदेवाच्या गाडीपाशी उभी राहिले. शीतल आईच्या गळ्यात पडली, काकूच्या पडली, कामाला येणाऱ्या मावशींच्याही. मग माझ्यासमोर आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं, पण माझ्याशी बोलताना आवाज कोरडा होता.

"नको ताई. वर्षाला नेते."

वर्षा म्हणजे काकांची मुलगी. तिचं आणि शीतलचं लहानपणापासून पटत नाही.

"अगं पण मी सुट्टी काढली आहे, तूच म्हणाली होतीस..."

"तू आली तर त्या घरात मला कुणी बघणार नाय," शीतल म्हणाली. "पहिलाच दिवस हाय माझा."

ती गाडीत बसली. वर्षानं धावत जाऊन कुणाची तरी पिशवी उचलली आणि तिच्याशेजारी बसली. गाडी दौलताबादच्या रस्त्यावरून वळून शहराकडे गेली. मी बॅग धरून उभीच होते. पप्पा डोळे पुसत माझ्याजवळ आले. मला वाटलं, जवळ घेतील.

"जात नाहीस का तू? बरं झालं बाई," ते म्हणाले. "मंग संध्याकाळी त्या मोबाइलच्या शोरूमला जाऊन येऊ. माणूस लई मागं लागलाय."

त्या संध्याकाळी मी शोरूमला गेले नाही, मुंबईला परत गेले. हे काही शौर्य नव्हतं, त्या घरात आरशात तोंड बघायची माझी हिंमत नव्हती. पुढच्या वर्षी मालिका बंद पडली. धाकली सून म्हणून शिक्का बसलेला, त्यामुळे दुसरं काम धड मिळेना. आता मी इतरांच्या मालिकांमध्ये वहिनी, नर्स, फिर्यादी बाई अशी चार-चार दिवसांची कामं करते आणि बाकीच्या वेळात जाहिरातींना आवाज देते. काकांचे फोन मालिकेबरोबरच बंद झाले. मीरा रोडच्या भाजीवाल्याला मी कोण ते माहीत नाही, आणि तिथं मला बरं वाटतं. पुंडलिकनगरात मात्र मालिका अजून चालूच आहे. पप्पांच्या बंगल्यावरची पाटी तीच आहे.

शीतल बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. बारशाचा फ्लेक्स पप्पांनी चौकात लावला. त्यात बाळाचा फोटो तिकिटाएवढा आणि माझा नथीतला पुरुषभर उंच. माझं तिकीट काढून झालं होतं. आदल्या दिवशी शीतलचा फोन आला.

"ताई, बारशाला येऊ नको."

मी म्हटलं, "बरं."

"नंतर ये. फ्लेक्स उतरू दे. कुणाला सांगू नको."

नऊ दिवसांनी मी गेले, मंगळवारी, साध्या एसटीनं, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. आपल्या शहरातल्या निम्म्या मुली तसा गुंडाळतात, त्यामुळे गल्लीत कुणी वळूनही पाहिलं नाही. पप्पा बाहेर गेले होते. आईनं दार उघडलं, बोटानं वरचा मजला दाखवला आणि नेहमीची साखर घातलेला चहा आणून दिला. शीतल खाटेवर बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ती हसली नाही. मुलाखतीचा, लग्नाचा विषय तिनं काढला नाही, मला काढायचा होता तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." बाळ माझ्या हातात दिलं, दाराला आतून कडी लावली आणि आडवी झाली. "तीन राती झोप नाय," म्हणाली, आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी बाळ मांडीवर घेऊन बसून राहिले. माझा पाय बधिर झाला तरी मी हलले नाही.

तासाभरानं जिन्यावर चपलांचा आवाज आला. पप्पांनी दार वाजवलं.

"शीतल, ए शीतल! ताई आली म्हणं? दार उघड. क्रांती चौकातले शेठ आलेत खाली, दिवाळीच्या सेलचं बोलायला. दोन मिनिटं पाठव सूनबाईला."

माझ्या अंगात सवयीनं हालचाल झाली. पदर सारखा करायला हात उठलासुद्धा. शीतलनं डोळे न उघडता माझं मनगट धरलं.

"सूनबाई कुणी आली नाय, पप्पा."

"अगं, तुझ्या आईनंच सांगितलं ना..."

"माझी बहीण आलीय. ती बाळाला घेऊन बसलीय. तिला येळ नाय."

मग पप्पा खाली शेठना काहीतरी समजावत उतरले, आणि शीतल कूस बदलून पुन्हा झोपली. माझं मनगट तिनं सोडलं नव्हतं. मुलाखतीत मला घर म्हणजे काय असं विचारायचे तेव्हा मी अंगण, तुळस आणि आईच्या हातची भाकरी सांगायचे. आमच्याकडे अंगण कधी नव्हतंच. ते दोन मजली घर, त्यावरची पाटी आणि दारातली गाडी पप्पांनी आणि काकांनी खुशाल ठेवावी. मला त्यातली कडी लावलेली एक खोली पुरे, आणि तीही शीतल माहेरी असेल तेवढेच दिवस.